वाचकांचे प्रश्न : टाकी फुल केली की गाडी रुसते

या महिन्यात आलेल्या प्रश्नांतले चार घेतलेत, चारही छोट्या पेट्रोल गाड्यांचे आणि चारहींत गाडी स्टार्ट व्हायला कुरकुर करते. पहिल्या प्रश्नाला जागा जास्त दिलीये कारण तसाच त्रास असलेले लोक मला दर महिन्याला भेटतात आणि बहुतेकांनी तोपर्यंत दोन-तीन पार्ट उगाच बदललेले असतात.

प्रश्न : दादा, माझी सात वर्षं जुनी पेट्रोल हॅचबॅक आहे, रनिंग 62 हजार. रोज धायरीहून सिंहगड रोडने स्वारगेटपर्यंत ऑफिस. गेले चार-पाच महिने असं होतंय की पेट्रोल भरलं की पंपावरच गाडी चालू होत नाही, तीन-चार वेळा सेल्फ मारावा लागतो, मग खोकत खोकत चालू होते, थरथरते, कधी परत बंद पडते आणि पेट्रोलचा वास येतो. मागचे हॉर्न वाजवतात, फार कानकोंडं होतं. पाच मिनिटं चालली की एकदम नॉर्मल. सकाळी घरी मात्र एका सेल्फमध्ये चालू! दुसरं म्हणजे पेट्रोल भरताना नोझल अर्ध्या-अर्ध्या लिटरला टक करून बंद पडतं, पंपावरचा मुलगा वैतागतो. गॅरेजवाल्यांनी आधी बॅटरी बदलली, मग प्लग, आता म्हणतात टाकीतली मोटर गेलीये. करू का खर्च? — वाचक, धायरी

उत्तर : ताई, मोटर (टाकीतून इंजिनाकडे पेट्रोल ढकलणारी) बदलू नका, निदान अजून तरी नाही. तुम्ही पत्रात जे लिहिलंय ना, "सकाळी एका सेल्फमध्ये चालू", त्यातच अर्धं उत्तर आहे. बॅटरी कमजोर असती तर ती सकाळीच सगळ्यात जास्त रडली असती. प्लग खराब असते तर चालू गाडीत, चढाला, रेस दिल्यावर मिसिंग जाणवलं असतं. आणि टाकीतल्या मोटरचं प्रेशर कमी पडत असतं तर कात्रजच्या चढावर गाडीने दम टाकला असता. तुमची गाडी फक्त पेट्रोल भरल्यावर त्रास देते, म्हणजे भरताना जे बदलतं तिथेच शोधायचं.

भरताना बदलते ती वाफ. पेट्रोलची वाफ टाकीत सतत तयार होत असते आणि ती बाहेर हवेत जाऊ नये म्हणून आजच्या पेट्रोल गाड्यांत एक कोळशाचा डबा असतो, त्याला कॅनिस्टर म्हणतात, आत अ‍ॅक्टिव्हेटेड चारकोलचे दाणे असतात आणि ते वाफ धरून ठेवतात. मग गाडी चालू असताना, इंजिन गरम झाल्यावर, ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर) एक छोटा व्हॉल्व्ह थोडा थोडा उघडतो आणि ती साठलेली वाफ इंजिनात ओढून जाळून टाकतो. हा पर्ज व्हॉल्व्ह. करंट नसेल तेव्हा तो बंदच राहायला हवा. पण तो जर अडकून उघडा राहिला तर काय होतं बघा, तुम्ही टाकीत पंचवीस लिटर पेट्रोल ओतलं, टाकीतली वाफ कॅनिस्टरमध्ये ढकलली गेली, आणि तुम्ही सेल्फ मारल्या मारल्या इंजिनाने ती सगळी वाफ उघड्या व्हॉल्व्हमधून ओढून घेतली. वरून इंजेक्टर त्याचं नेहमीचं पेट्रोल टाकतोच आहे. साध्या पेट्रोलला वजनाने साधारण 14.7 पट हवा लागते, इथे पेट्रोल जास्त आणि हवा कमी, म्हणजे गाडी ओव्हर होते, प्लग ओले होतात, आणि तो वास येतो. पाच मिनिटांत ती वाफ जळून संपली की गाडी शहाण्यासारखी चालते. सकाळी वाफ कमी असते म्हणून सकाळी त्रास नाही.

हे खरं आहे का ते तुम्ही स्वतः पुढच्या वेळी पंपावरच बघू शकता. चाळीस-पन्नास रुपयांचं नको, नेहमीसारखं भरपूर पेट्रोल भरा आणि गाडी थोडी बाजूला ढकलून घ्या (पंपाच्या मशीनपासून लांब, हे महत्त्वाचं), मग अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण खाली दाबून सेल्फ मारा. बऱ्याच इंजेक्शनच्या गाड्यांत सेल्फ मारताना पेडल पूर्ण दाबलेलं असेल तर ईसीएम पेट्रोल टाकणं थांबवतो आणि नुसती हवा आत जाते. अशाने गाडी पटकन उचलली तर पेट्रोल जास्त होत होतं हे नक्की. मोटर कमजोर असती तर पेडल दाबून काहीच फायदा झाला नसता, कारण तिथे पेट्रोलच कमी असतं.

दुसरी टेस्ट गॅरेजमध्ये करून घ्या, पण समोर उभं राहून. सकाळी गाडी थंड असताना बोनेट उघडायचं, पर्ज व्हॉल्व्ह बहुतेक गाड्यांत इनटेक मॅनिफोल्डच्या जवळपास असतो, अंगठ्याएवढा काळा तुकडा, दोन नळ्या आणि एक वायरचं सॉकेट. कॅनिस्टरकडून येणारी नळी त्याच्यावरून काढायची, गाडी चालू करायची आणि उघड्या तोंडावर बोट ठेवायचं. पहिल्या मिनिटात, इंजिन थंड असताना, बोटाला ओढ जाणवता कामा नये. बोट चिकटलं तर व्हॉल्व्ह गेलेला आहे. गरम इंजिनवर ही टेस्ट करू नका कारण तेव्हा ईसीएम त्याला मुद्दाम उघडतो, टिकटिक आवाज येतो आणि ओढ पण जाणवते, ते बरोबरच असतं आणि चांगला व्हॉल्व्ह उगाच बदलला जातो. शंका राहिली तर व्हॉल्व्ह काढून तोंडाशी न धरता हवेच्या पाईपने हलकी हवा मारायची, करंट नसताना आरपार जायला नको.

स्कॅनर असेल तर तो लावायला सांगा, पण फक्त एरर कोड बघून "काही नाही दिसत" म्हणू देऊ नका. चेक इंजिनचा दिवा लागला नाही म्हणजे दोष नाही असं नसतं. लाईव्ह डेटामध्ये फ्युएल ट्रिम (ईसीएम पेट्रोल किती टक्के कमी-जास्त करतोय तो आकडा) बघायचं, पेट्रोल भरून आल्यावर लगेच. साधारण पाच टक्के वर-खाली चालतं, पण ते उणे दहाच्या खाली पळत असेल तर ईसीएम जीव तोडून पेट्रोल कमी करतोय असा अर्थ होतो.

आता व्हॉल्व्ह खराब का झाला हे पण विचारायला हवं, नाहीतर नवा घातलेला पण सहा महिन्यांत जाईल. व्हॉल्व्ह काढला की तो पांढऱ्या कागदावर हलकेच आपटा. मोहरीपेक्षा बारीक काळे दाणे किंवा काळी भुकटी पडली तर कॅनिस्टर आतून फुटलाय आणि त्याचा कोळसा नळीतून येऊन व्हॉल्व्हमध्ये अडकलाय. आणि कॅनिस्टर फुटायचं नेहमीचं कारण म्हणजे आपली टाकी फुल करायची सवय. ऑटो कट झाल्यावर "राउंड फिगर करा" म्हणून वर अजून थोडं थोडं भरलं की वाफेसाठी टाकीत जी जागा राखलेली असते ती भरते आणि वाफेऐवजी पेट्रोलच कॅनिस्टरमध्ये जातं. तो डबा वाफेसाठी आहे, पेट्रोलसाठी नाही. भिजलेला कोळसा नंतर काही केल्या नीट सुकत नाही.

हे मी अनुभवाने सांगतोय. माझ्या आधीच्या गाडीत मी बरीच वर्षं कोकणात जायच्या आदल्या रात्री टाकी अगदी तोंडापर्यंत भरून घ्यायचो, ताम्हिणीत मध्ये पंप नको शोधायला म्हणून. एकदा निघालो आणि पिरंगुटच्या पुढे चहाला थांबलो तर गाडी चालूच होईना, घरचे सगळे रस्त्याकडेला उभे, लहान मुलगी उन्हात, आणि मी वीस मिनिटं सेल्फ मारतोय. नंतर कॅनिस्टर काढला तेव्हा तो हातात घेतल्यावर एवढा जड लागला की मी दोनदा बघितलं, कोरडा डबा हलका असतो, हा पाण्याने भरलेल्या तांब्यासारखा, आणि तिरका केला तर नळीतून पेट्रोल ठिबकलं. त्या दिवसापासून पहिल्या टकला नोझल बाहेर. तुम्ही पण पंपावरच्या मुलाला आधीच सांगा, "ऑटो कटला थांबवा, वर नको." सुट्ट्या पैशांचा प्रश्नच नाही आता, सगळे स्कॅन करूनच देतात.

आता नोझल टकटक करतं ते. हा त्रास पहिल्याच्या शेजारी राहणारा आहे पण एकाच कारणाने होतोय असं धरून चालू नका. नोझलच्या टोकाशी एक बारीक भोक असतं, पेट्रोल वाहताना त्या भोकातून हवा ओढली जाते, आणि पेट्रोल वर येऊन ते भोक बुजलं की आतला पडदा ओढला जाऊन खटका पडतो. म्हणजे तुमच्या गाडीत टाकी रिकामी असताना पण पेट्रोल नळीतच वर येतंय. का? तर एक लिटर पेट्रोल आत जायचं तर एक लिटर हवा बाहेर यावी लागते. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांत पेट्रोल भरायच्या जाड नळीला लागून एक बारीक नळी असते, ब्रीदर, तिच्यातून ती हवा तोंडाशी परत येते. ती चेपली, मुडपली, चिखलाने किंवा किड्याच्या घराने बुजली की हवेला वाट नाही आणि पेट्रोल फसफसत वर येतं.

आधी दुसऱ्या पंपावर भरून बघा. तिथे नीट भरलं तर तुमच्या नेहमीच्या पंपाचं नोझल खराब आहे आणि गाडीत काही नाही. तिथेही टकटक झालं तर नोझल थोडं बाहेर ओढून, थोडं तिरकं फिरवून, कमी स्पीडने भरायला सांगा, हा तात्पुरता उपाय. आणि मग मागचं उजवं किंवा डावं चाक काढून, ज्या बाजूला झाकण आहे तिकडचं, चाकाच्या आतलं प्लास्टिक सोडून त्या दोन नळ्या बघायच्या. चार-पाच महिन्यांत मागच्या बाजूला डेंटिंग-पेंटिंग केलंय का, बंपर बदललाय का, हे आठवा, कारण काम करताना ब्रीदर नळी मुडपून क्लिप मारली जाते आणि कोणाच्या लक्षात येत नाही. नळी बदलणं हे किरकोळ काम आहे. नळीच्या तोंडात तार किंवा स्क्रू ड्रायव्हर घालून साफ करायला देऊ नका, तिथे एक पडदी असते ती तुटते.

अजून एक गोष्ट बघा, प्रवास करून आल्यावर झाकण फिरवलं की हवा बाहेर येते का आत ओढली जाते. थोडं फुस्स होणं ठीक आहे. पण जोरात आत ओढली जात असेल तर टाकीला श्वास घेता येत नाहीये, म्हणजे कॅनिस्टरचं हवा घ्यायचं तोंड धुळीने बुजलंय. आपल्याकडे मेट्रोची आणि पुलाची कामं वर्षानुवर्षं चालू असलेल्या रस्त्यांवर रोज जाणाऱ्या गाड्यांत तिथे इतकी माती साठते की बघवत नाही.

व्हॉल्व्ह ओरिजिनल घ्या, नाना पेठेत मिळेल किंवा कंपनीच्या स्पेअर काउंटरला, गाडीचा चासी नंबर सोबत न्या. टाकीतल्या मोटरच्या तुलनेत खर्च अगदी कमी येईल. आणि जुना पार्ट परत मागून घ्या.

प्रश्न : आमची गाडी सोसायटीत गुलमोहराखाली उभी असते. पेट्रोलच्या झाकणाची दांडी ओढली तरी झाकण उघडत नाही, दर वेळी खाली उतरून नखाने उचकटावं लागतं. आणि पावसाळ्यात दोन-तीन दिवस सलग पाऊस लागला की गाडी सकाळी मिसिंग करत चालू होते, ऊन पडलं तरी तसंच, नवीन पेट्रोल भरलं की कमी होतं. पंपवाला पाणी मिसळतोय का? — वाचक, कोथरूड

उत्तर : काका, पंपवाल्याकडे जायच्या आधी एक कपभर पाणी घेऊन गाडीपाशी जा. बाहेरचं झाकण उघडा, आतलं फिरवायचं झाकण घट्ट लावलेलं आहे याची खात्री करा, आणि त्या खोबणीत हळूहळू पाणी ओता. खोबणीच्या तळाशी एक छोटं भोक असतं, तिथून नळीने पाणी मागच्या चाकाजवळ खाली पडायला हवं. माझा अंदाज असा की तुमचं पाणी तिथेच तळं करून उभं राहील. गुलमोहराची ती बारीक बारीक पानं भोकात जाऊन लगदा होतो. पाऊस पडला की खोबण भरते, आतल्या झाकणाचं रबर कडक होऊन चिरलेलं असलं की पाणी थेट टाकीत झिरपतं. झाकण उघडून रबरावर बोट फिरवा, नखाला चीर लागेल.

भोक नरम प्लास्टिकच्या काडीने मोकळं करा, झाकण नवीन घ्या. खोबणीत आणि नळीच्या तोंडाला गंज आलाय का ते पण बघा, कारण गंजाचे पापुद्रे टाकीत पडून मोटरच्या जाळीत अडकतात आणि मग खरंच मोठा खर्च येतो.

टाकीत गेलेलं पाणी आपोआप जात नाही. आता पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते थोडं पाणी स्वतःत सामावून घेतं, पण प्रमाणाबाहेर झालं की पाणी आणि इथेनॉल दोन्ही मिळून पेट्रोलपासून सुटे होतात आणि तळाशी बसतात, आणि मोटर तळातूनच ओढते. म्हणून सकाळी गाडी उभी राहिल्यावर पहिला घोट त्याचाच जातो. मेकॅनिककडून पेट्रोल लाईनमधून काचेच्या स्वच्छ बाटलीत थोडं पेट्रोल काढून घ्या, तासभर स्थिर ठेवा, तळाशी वेगळा थर आणि मधे स्पष्ट रेघ दिसली तर टाकी उतरवून रिकामी करून साफ करणं हाच उपाय. हे काम उघड्यावर, बिडी-सिगारेट आणि वेल्डिंगपासून लांब, आणि तोंडाने नळी ओढून तर अजिबात नाही.

पंपावर शंका असेल तर कुठल्याही गिऱ्हाइकाला फिल्टर पेपर टेस्ट आणि पाच लिटरच्या मापाने मोजून दाखवा असं म्हणायचा हक्क आहे, संकोच करू नका.

आणि ती दांडी. एकाने आत दांडी ओढून धरायची, दुसऱ्याने त्याच वेळी झाकण तळव्याने आत दाबून सोडायचं. उघडलं तर केबल चांगली आहे, फक्त खटका नाहीतर झाकण उचलणारी छोटी पत्र्याची स्प्रिंग कमजोर झालीये. खटका पुसून त्याला सिलिकॉन स्प्रे मारा, ग्रीस नको, धूळ धरतं. अडकून बसलंच तर बऱ्याच हॅचबॅकमध्ये डिकीतलं त्या बाजूचं अस्तर थोडं सोडून हाताने खटका ओढता येतो. उचकटू नका, रंग निघतो आणि तिथूनच गंज धरतो.

प्रश्न : हिंजवडीला कामाला आहे, गाडी 2016 ची. फक्त सकाळी पहिल्यांदा सेल्फ लांब मारावा लागतो, दिवसभर पुन्हा काही नाही. सगळे म्हणतात ई20 (20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलमुळे. — वाचक, बाणेर

उत्तर : उद्या सकाळी एवढंच करा : चावी ऑन करा, सेल्फ मारू नका, टाकीकडून दोन-तीन सेकंद घूं असा आवाज येऊन थांबेल, चावी बंद करा, असं तीनदा करून मग सेल्फ मारा. लगेच चालू झाली तर रात्रभरात लाईनमधलं प्रेशर उतरतंय, एक तर मोटरमधला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह धरत नाही किंवा एखादा इंजेक्टर ठिबकतोय. इंजेक्टर ठिबकत असेल तर सकाळी चालू झाल्यावर धुराला कच्च्या पेट्रोलचा वास येतो.

तीनदा करून पण फरक पडला नाही तर सेल्फचा आवाज ऐका. मंद आणि ओढत असेल तर बॅटरी, रात्रभर उभ्या गाडीला साधारण 12.6 व्होल्ट दिसायला हवेत आणि सेल्फ मारताना 9.6 च्या खाली जाता कामा नये. बॅटरी चांगली निघाली तर इंजिनाची अर्थ वायर सोडून तिथला हिरवा-पांढरा थर घासून काढा. आवाज जोरदार असूनही लांब मारावा लागत असेल तर कूलंट टेम्परेचर सेन्सर आणि थ्रॉटल बॉडीतला कार्बन बघायला सांगा.

ई20 चं म्हणाल तर ते फेब्रुवारी 2023 मध्ये आलं, आणि तुमची गाडी त्याच्या आधीची आहे. इथेनॉल थंडीत कमी उडतं हे खरं, पण पुण्याची डिसेंबरची सकाळ एवढीही थंड नसते की चांगली गाडी चालू होऊ नये. जुन्या गाड्यांत मला काळजी रबराची वाटते, नळ्या आणि ओ-रिंग कडक होतात, म्हणून सर्व्हिसिंगला पेट्रोल लाईनची सगळी रबरं हाताने दाबून बघायला सांगा आणि मगच पेट्रोलला दोष द्या.

प्रश्न : कंपनी फिटेड सीएनजी आहे, पेट्रोल वापरतच नाही, काटा कायम शेवटच्या रेघेवर. आता स्टार्टिंगला त्रास आणि दोन मिनिटं गाडी थरथरते. सीएनजी किट खराब झालं का? — वाचक, हडपसर

उत्तर : बहुतेक अशा गाड्या स्टार्ट पेट्रोलवरच होतात आणि थोडी गरम झाली की सीएनजीवर जातात, म्हणजे तुमचा त्रास पेट्रोलच्या दोन मिनिटांतला आहे, किटचा नाही. टाकीच्या तळाला महिनोनमहिने पडून राहिलेलं पेट्रोल शिळं होतं, त्यातला हलका भाग उडून जातो आणि चिकट राळ इंजेक्टरवर बसते. शिवाय टाकीतली मोटर थंड राहते ती भोवतीच्या पेट्रोलमुळे, काटा तळाला असला की ती कोरडी तापते आणि मरते.

दहा लिटर ताजं पेट्रोल भरा आणि आठवड्यातून एकदा दहा-पंधरा किलोमीटर मुद्दाम पेट्रोलवर चालवा, हडपसरहून उरुळीपर्यंत जाऊन आलात तरी होईल. दोन-तीन आठवड्यांत फरक पडला नाही तर इंजेक्टर काढून मशीनवर साफ करून घ्या, आणि तेव्हाच मोटरचं प्रेशर गेज लावून मोजायला सांगा. काटा पाव टाकीच्या खाली जाऊ देऊ नका.